ब्लॅक आऊट नाइट की सगळ्यांना खुला प्रयोग?

न्यूयॉर्कच्या गोल्डन थिएटरमध्ये १८ सप्टेंबर २०१९ रोजी जेरेमी ओ. हॅरिस यांच्या ‘स्लेव्ह प्ले’ या नाटकाचा एक प्रयोग कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी राखून केला गेला. ८०४ खुर्च्या, आणि सगळ्या भरलेल्या. ‘ब्लॅक आऊट’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं. प्रथा पुढे लंडनला गेली, कॅनडात ओटावाला गेली, आणि जाईल तिथे वाद उठवत गेली. एकाला त्यात समावेश दिसतो, दुसऱ्याला फूट. दोन्ही बाजूंची भाषणं बहुतेकांनी ऐकलेली आहेत, त्यामुळे तो कीस पुन्हा पाडत नाही. इथे प्रश्न व्यवहाराचा आहे. नाटक हातात आहे, प्रेक्षागृहात त्याच त्या वर्गातले, त्याच त्या वयाचे गोरे चेहरे दिसतात, आणि ते बदलायचंय. अशा वेळी एखादी रात्र राखून ठेवावी, की सगळे प्रयोग खुले ठेवून तिकिटांची वाट वेगळ्या वस्त्यांकडे वळवावी?

‘वेगळ्या वस्त्यांकडे’ म्हणण्याचं कारण आकड्यात आहे. २०१८-१९ च्या हंगामात ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांची, जवळपास तीन-चतुर्थांश तिकिटं गोऱ्या प्रेक्षकांनी घेतली होती. शहराच्या लोकसंख्येशी याचा मेळ बसत नाही. रंगमंचावर गुलामगिरीची गोष्ट चालू आहे आणि समोर बसलेल्यांत ज्यांच्या पूर्वजांची ती गोष्ट, ते बोटांवर मोजण्याइतके, हे चित्र तिथे अजिबात दुर्मीळ नव्हतं.

मराठी नाटकवाल्याला ब्लॅक आऊटची यंत्रणा समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, कारण आपल्याकडे कॉन्ट्रॅक्ट शो असतो. एखादी बँक, एखादं मंडळ, एखादी ज्ञाती संस्था अख्खा प्रयोग विकत घेते, तिकिटं आपल्या सभासदांत वाटते, आणि त्या दिवशी खिडकीवर बाहेरच्याला काही मिळत नाही. त्याला कोणी फूट म्हणत नाही. ब्लॅक आऊटचं तांत्रिक काम जवळपास हेच आहे: एका तारखेचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, जाहीर विक्रीत टाकायचा नाही, तिकिटं निमंत्रणातून किंवा बुकिंगच्या वेळी टाकायच्या कोडमधून द्यायची. गोल्डनमधली ती पहिली रात्र अशीच निमंत्रणाची होती. फरक एवढाच, आणि तो छोटा नाही, की मंडळाचं सभासदत्व पावतीवर सिद्ध होतं. माणसाच्या वंशाची पावती नसते, आणि असूही नये. पुढच्या साऱ्या कटकटी या एका फरकातून निघतात.

खुल्या प्रयोगाचं पारडं

आधी खुल्या बाजूचं बोलू, कारण कागदावर ती जास्त निर्मळ आहे. सगळे प्रयोग सगळ्यांना. त्यातली काही तिकिटं, समजा प्रत्येक प्रयोगाला चाळीस, बाजूला काढायची. ती स्थानिक चर्च, महाविद्यालयांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना, वाचनालयं, परिचारिकांच्या संघटना यांच्यामार्फत कमी दरात द्यायची. वाद नाही, पत्रकार नाहीत, मंत्र्यांची वक्तव्यं नाहीत. वकिलाची फी वाचते हे वेगळंच.

या बाजूला परंपराही भक्कम आहे. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९२६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत क्रिग्वा नाटकमंडळी उभी करताना चार अटी मांडल्या होत्या: नाटक आमच्याविषयी हवं, आम्ही लिहिलेलं हवं, आमच्यासाठी हवं आणि आमच्या जवळ हवं. पहिल्या तिन्हींवर लोक पानंच्या पानं लिहितात, चौथीला कोणी विचारत नाही. क्रिग्वाचे प्रयोग १३५व्या रस्त्यावरच्या वाचनालयाच्या तळघरात होत. प्रेक्षक शेजारच्या इमारतींतून चालत येई. ज्या नाट्यगृहापर्यंत पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि परतीची शेवटची गाडी नाटक संपण्याआधीच सुटते, तिथे अर्ध्या दराचं तिकीट कोणाच्या कामाचं? खुल्या प्रयोगाची वाट खरी चालते ती नाट्यगृह वस्तीतच असेल तेव्हा. पूर्व लंडनमधलं स्ट्रॅटफर्ड ईस्टचं थिएटर रॉयल किंवा अमेरिकेत सेंट पॉल शहरातलं १९७६ पासूनचं पेनंब्रा थिएटर ही अशी ठिकाणं. तिथे रोजच्या प्रयोगालाही समोरचे चेहरे मिश्र असतात. (त्याच स्ट्रॅटफर्ड ईस्टने ५ जुलै २०२३ रोजी ‘टँबो अँड बोन्स’ या नाटकाला ब्लॅक आऊट रात्र ठेवली. वस्तीतल्या नाट्यगृहालाही ती हवीशी वाटली, हे या लेखाच्या शेवटापर्यंत ध्यानात ठेवण्यासारखं आहे.)

आणखी एक मुद्दा खुल्या बाजूचा, आणि तो ब्लॅक आऊटवाल्यांना आवडत नाही. निमंत्रणाची यादी कोण करतं? नाटकातली माणसं. मग ती यादी नाटकातल्याच माणसांनी भरते: नट, लेखक, नाट्यशाळेतले विद्यार्थी, पत्रकार, मित्रांचे मित्र. रात्र झगमगीत होते, फोटो छान येतात, पण नाट्यगृहाची पायरी पहिल्यांदाच चढणारा माणूस त्यात किती? मोजायचे नवे प्रेक्षक असतील, तर वस्तीतल्या संघटनांमधून वर्षभर चिकाटीने वाटलेली तिकिटं जास्त कामी येतात. हे कबूल करायलाच हवं.

मग तरीही कल दुसरीकडे का

एका आवाजामुळे. दोन दातांतून निघणारा तो ‘शूऽऽ’.

खुल्या प्रयोगात राखीव चाळीस तिकिटांचं काय होतं ते जरा जवळून पाहा. सेल्स टीम ही तिकिटं मागच्या बाल्कनीतून किंवा खांबाआडच्या जागांतून काढते, कारण चांगल्या जागा पूर्ण दराने जातात. बुकिंगचं सॉफ्टवेअर जोड्या-जोड्यांनी जागा देतं. त्यामुळे नऊशे खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात चाळीस माणसं वीस ठिकाणी विखुरतात. प्रत्येक जोडीच्या आजूबाजूला ज्यांना ‘नाटक कसं पाहायचं’ हे लहानपणापासून पाठ आहे अशी मंडळी. नाटक सुरू होतं. कृष्णवर्णीय चर्चच्या प्रार्थनेत वाढलेल्या माणसाला समोरच्या बोलण्याला ‘अं हं’ म्हणून दाद देणं, मोठ्याने हसणं, एखाद्या वाक्यावर हुंकार भरणं ही ऐकण्याचीच रीत वाटते. पुढच्या रांगेतलं डोकं वळतं. शूऽऽ. कधी डोअरकीपर वाकून विनंती करतो. पुढचा दीड तास तो माणूस नाटक पाहत नाही, स्वतःला सांभाळत बसतो.

आणि प्रयोगानंतरच्या अहवालात हे कुठेही उमटत नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट. तिकीट विकलं गेलं, खुर्ची भरली, ‘नवे प्रेक्षक’ या रकान्यात चाळीसचा आकडा पडला. अनुदान देणारा खूश. ती माणसं पुढच्या नाटकाला आली नाहीत, तर त्याचं खापर दरावर, पावसावर, फुटबॉलच्या सामन्यावर फुटतं. खुला प्रयोग समावेशाचा आकडा देतो, समावेश झाला की नाही ते सांगत नाही. मला तरी हा एक दोष बाकी सगळ्या गुणांना पुरून उरणारा वाटतो. दुसऱ्या कोणाला तो एवढा मोठा वाटणार नाही, हेही शक्य आहे.

यावर मधला उपाय करून पाहिला गेला आहे. नाटककार डॉमिनिक मॉरिसो यांनी २०१७ साली लिंकन सेंटरमधल्या ‘पाइपलाइन’च्या वेळी कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी घातली होती. मोठ्याने हसायला, हुंकार द्यायला, प्रतिक्रिया द्यायला इथे मोकळीक आहे, फक्त नटांच्या कामात अडथळा येऊ देऊ नका, असा त्याचा आशय. चिठ्ठी सुरेख आहे आणि तिचा खर्च छपाईपुरता. कोणताही मार्ग निवडला तरी ती घालावीच. पण कार्यक्रमपत्रिका नाटकाआधी वाचणारे किती, हे तिकीटखिडकीवर बसणाऱ्याला विचारा. शिवाय शूऽऽ करणाऱ्याला आपण नियम मोडतोय असं कधी वाटतच नाही, त्याला आपण नियम राखतोय असं वाटतं. त्यामुळे चिठ्ठी नेमकी त्यालाच लागू पडत नाही.

दुसरा उपाय म्हणजे राखीव जागा विखुरू न देणं. पंधरा-वीस जागांचा सलग गठ्ठा, तोही खालच्या मजल्यावर, मधल्या रांगांत. हे केलं की फरक लगेच जाणवतो. रांगेत कोपराला कोपर लागतं, एक हसला की शेजारचा हसतो, आणि पुढचं डोकं वळायच्या आधी दोनदा विचार करतं. म्हणजे खुल्या प्रयोगातली चूक दुरुस्त करायची तर सभागृहात छोट्या छोट्या ब्लॅक आऊट रांगा तयार कराव्या लागतात. इथवर आल्यावर एक पूर्ण रात्र राखायला फार मोठं धाडस लागतं असं वाटत नाही.

‘स्लेव्ह प्ले’सारख्या नाटकात तर हे जास्तच खरं आहे. मळ्यावरचे मालक-गुलाम संबंध, आजची आंतरवंशीय जोडपी, लैंगिकता आणि विनोद हे सगळं त्यात एकत्र. कुठल्या वाक्यावर हसायचं हाच त्या नाटकाचा विषय म्हणता येईल. ब्रॉडवेवरच्या नेपथ्यात मागची भिंत आरशांची होती आणि त्यात प्रेक्षागृह दिसायचं. एरवीच्या रात्री आरशात कोण कोणाकडे चोरून पाहतंय तेही दिसे. शेजारचा गोरा माणूस या विनोदावर का हसला? मी हसलो तर तो त्याचा काय अर्थ काढेल? हा हिशेब डोक्यात चालू असताना नाटक हातातून निसटतं. १८ सप्टेंबरच्या रात्री त्या आरशात ८०४ कृष्णवर्णीय चेहरे होते आणि हा हिशेब बंद होता. नटांना हशा वेगळ्या जागी येतो हे त्याच रात्री कळतं, आणि त्याचा उपयोग पुढच्या सगळ्या प्रयोगांना होतो.

गंमत अशी की प्रेक्षकांची उघड विभागणी करणारं नाटक सर्वांसाठी खुल्या प्रयोगातही बसतं. जॅकी सिबलीझ ड्रूरी यांच्या ‘फेअरव्ह्यू’मध्ये शेवटी गोऱ्या प्रेक्षकांना उठून रंगमंचावर येण्याची विनंती केली जाते. त्या नाटकाला २०१९ चं पुलित्झर मिळालं. तिथे फूट पडली असं क्वचितच कोणी म्हटलं. तिकीट सगळ्यांना विकलेलं असलं की विभागणी कलाकृतीचा भाग ठरते, आणि तारखेवर लिहिली की राजकारण.

आक्षेप पोकळ नाही

‘उलट्या दिशेचा वर्णभेद’ हा आरोप झटकून टाकणारे लोक मला थोडे उतावळे वाटतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरचा इतिहास पाहा. तिथे कृष्णवर्णीय कलाकार रंगमंचावर चालत, प्रेक्षागृहात चालत नसत. १९३६ साली ‘पोर्गी अँड बेस’ हा कृष्णवर्णीय पात्रांचा ऑपेरा तिथे आला तेव्हा पोर्गीची भूमिका करणारे टॉड डंकन यांनी अशा प्रेक्षागृहासमोर गाणार नाही म्हणून सांगितलं. तेवढ्या मुक्कामापुरतं प्रेक्षागृह सगळ्यांना खुलं झालं. मुक्काम हलल्यावर पुन्हा पूर्वीसारखं. पुढे नटांच्या संघटनेने आपल्या सभासदांना तिथे काम करायला मनाई केली, तेव्हा १९४८ साली मालकांनी नाटक बंद करून सिनेमा लावणं पसंत केलं, पण दार उघडलं नाही. १९५२ साली ते सर्वांसाठी खुलं नाट्यगृह म्हणून परत सुरू झालं. ‘तिकीट असेल तो कुठेही बसेल’ हा नियम इतक्या कष्टाने मिळालेला आहे. तो सैल करणाऱ्याला जाब विचारला गेला तर त्यात वावगं काही नाही.

पण तुलना करायची तर पूर्ण करावी. नॅशनलचं दार वर्षाचे सगळे दिवस, मालकांच्या धोरणाच्या आणि रखवालदाराच्या बळावर बंद होतं. लंडनच्या नोएल कावर्ड थिएटरमध्ये ‘स्लेव्ह प्ले’ २९ जून ते २१ सप्टेंबर २०२४ असं बारा आठवडे चाललं. आठवड्याला आठ प्रयोग धरले तर नव्वदच्या वर. त्यातल्या ब्लॅक आऊट रात्री दोन: १७ जुलै आणि १७ सप्टेंबर. शंभरात दोन. उरलेल्या सगळ्या रात्री कोणालाही मोकळ्या होत्या. या दोन रात्रींवरून तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या प्रवक्त्याने, वंशावरून प्रेक्षकांवर बंधन घालणं चुकीचं आणि फूट पाडणारं ठरेल, असं म्हटलं. निर्मात्यांनी खुलासा केला की कोणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही.

म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलत होते, आणि गोंधळ झाला तो जाहिरातीच्या मजकुरामुळे. ब्लॅक आऊटवर माझी तक्रार आहे ती हीच. वरच्या ओळीत ‘सर्व प्रेक्षक कृष्णवर्णीय’ असं म्हणायचं आणि खालच्या ओळीत ‘कोणालाही परत पाठवलं जाणार नाही’ म्हणायचं. वाचणाऱ्याने यातलं कोणतं धरायचं? कायद्याच्या दृष्टीने खालचीच ओळ खरी, आणि दुसरा पर्याय नाहीच. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार वंशावरून सेवा नाकारणं हा थेट भेदभाव ठरतो. कमी सहभाग असलेल्या गटासाठी प्रमाणशीर पावलं उचलायला मात्र त्याच कायद्यात जागा आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात सार्वजनिक जागांच्या यादीत नाट्यगृहाचा नावानिशी उल्लेख आहे. तेव्हा दारावर अडवणूक करता येत नाही. जे करता येतं ते एवढंच: निमंत्रण कोणाला जाईल हे ठरवणं.

हे एकदा पक्कं झालं की जाहिरातीची गरजच किती उरते? जिथे वर्तमानपत्रांना निवेदन गेलं तिथे वाद झाला. जिथे कोड थेट संघटनांकडे गेले तिथे रात्र झाली आणि लोक घरी गेले, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. ओटावात २०२३ च्या फेब्रुवारीत ‘इज गॉड इज’ या नाटकाच्या वेळी नॅशनल आर्ट्‌स सेंटरला, कोणालाही दारावर अडवणार नाही, असा जो खुलासा करावा लागला, तो आधीच नीट लिहिलेल्या दोन वाक्यांत बसला असता. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

दारावरची अडचण कोणाला होते तेही पाहून ठेवा. कृष्णवर्णीय पत्नी आणि गोरा नवरा. चाकाच्या खुर्चीतल्या बाईंसोबत आलेला मदतनीस. दत्तक मुलीला घेऊन आलेले आईवडील. आणि आपल्यासारखे. ब्रिटनमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकांत आशियाई कार्यकर्तेही स्वतःला ‘ब्लॅक’च म्हणवत. १९७९ साली स्थापन झालेली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना आजही त्याच नावाने आहे. त्यामुळे साउथॉलमधल्या पन्नाशीच्या बाईला ही रात्र आपलीही वाटू शकते आणि पंचविशीच्या डोअरकीपरला ते मुळीच माहीत नसतं. म्हणून डोअरकीपरला एकच सूचना द्यायची: तिकीट पाहा, चेहरा पाहू नका, प्रश्न विचारू नका.

लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणारा मराठी प्रेक्षक अशा रात्रीचं तिकीट काढू शकतो का? काढू शकतो, कोणी अडवणार नाही. काढावं का, तर उरलेल्या नव्वद रात्रींपैकी एक निवडलेली बरी. ज्यांनी पँथर हे नाव अमेरिकेतून उचलून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली, त्यांच्या प्रदेशातल्या वाचकाला आपल्या माणसांत बसून आपली गोष्ट ऐकण्याची गरज वेगळी समजावून सांगायला नको. वस्तीत होणारे आंबेडकरी जलसे कोणाला बंदी म्हणून वस्तीत होत नव्हते.

करायचंच ठरलं तर

प्रयोगसंख्या आधी बघा. तीसपेक्षा जास्त प्रयोग असतील तर एक रात्र राखणं माझ्या मते योग्य आहे, साठाच्या पुढे असतील तर दोन. पाच-सात प्रयोगांचा दौरा असेल तर राखू नका. तिथे एक रात्र म्हणजे पाचवा-सातवा हिस्सा होतो, त्या गावच्या बाकी लोकांना पर्यायी तारीख सापडत नाही, आणि ‘फूट’ हा शब्द तेव्हा खरोखर लागू पडायला लागतो. दौऱ्यात सलग रांगांचा गठ्ठा आणि मॉरिसोंच्या धर्तीची चिठ्ठी यांवर भागवावं.

वार आठवड्याच्या मधला घ्या. १८ सप्टेंबर २०१९ बुधवार होता, ५ जुलै २०२३ बुधवार, १७ जुलै २०२४ बुधवार, १७ सप्टेंबर २०२४ मंगळवार. शनिवारची कमाई कोणी हातची घालवत नाही, आणि शनिवारी नेहमीच्या प्रेक्षकाची गैरसोयही जास्त होते.

तारीख प्लॅन उघडण्याआधी बाजूला काढा. सगळ्यात जास्त माती इथे होते. विक्री सुरू झाल्यावर, दोनशे तिकिटं गेल्यावर कोणाला तरी कल्पना सुचते. मग त्या दोनशे जणांना तारीख बदलून देण्याचे फोन करावे लागतात, त्यातला एक जण तो फोन रेकॉर्ड करतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण बातमीत असतो.

कोड एकच ठेवू नका. पंचवीस-तीस संघटनांना प्रत्येकी वेगळा कोड, प्रत्येकावर वीस ते चाळीस तिकिटांची मर्यादा. कोणता कोड हलतोय आणि कोणता पडून आहे हे रोज दिसतं, आणि एखादा कोड बाहेर फुटला तर तेवढाच बंद करता येतो. नाटकवाल्यांच्या यादीला एकूण जागांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर मघाशी म्हटलं तसं सगळं प्रेक्षागृह ओळखीच्या माणसांनी भरतं. प्रत्येक निमंत्रितासोबत एक जण, कोण ते विचारायचं नाही. मिश्र जोडप्यांचा प्रश्न या एका ओळीने बराचसा सुटतो.

दर कमी करायचे तर सगळ्या श्रेणींत सारख्या प्रमाणात. फक्त बाल्कनी स्वस्त केली तर ज्या बाल्कनीत एकेकाळी कृष्णवर्णीयांना बसवत, तिथेच त्यांना पुन्हा बसवल्यासारखं होतं आणि ते कोणाच्या नजरेतून सुटत नाही. पूर्ण फुकटही देऊ नका. फुकट तिकिटाचा माणूस पाऊस पडला की घरी थांबतो, आणि या रात्रीची सारी गंमत भरलेल्या प्रेक्षागृहात आहे. अर्धं रिकामं ब्लॅक आऊट हे साध्या रिकाम्या प्रयोगापेक्षा जास्त केविलवाणं दिसतं. प्रयोगाच्या बहात्तर तास आधी न वापरलेली तिकिटं दुसऱ्या फळीतल्या संघटनांकडे वळवा.

समीक्षकांना त्या रात्री बोलवू नका, कृष्णवर्णीय समीक्षक आपलं तिकीट काढून आले तर उत्तमच. नंतरची चर्चा चाळीस मिनिटांत आटपा. त्यापुढे बॅकस्टेजचा ओव्हरटाइम चढतो आणि लोकांची गाडीही चुकते. चर्चेत लेखकाचं भाषण नको. माइक पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षागृहात गेला पाहिजे.

बुकिंगच्या पानावर मजकूर एवढाच: ‘या प्रयोगासाठी कृष्णवर्णीय प्रेक्षकांना विशेष निमंत्रण आहे. तिकीटधारक प्रत्येकाचं स्वागत आहे.’ वरची ओळ निमंत्रणाची, खालची कायद्याची, आणि दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत. खालची ओळ बारीक टायपात टाकली की पळवाट वाटते.

आणि त्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आणखी एक कोड द्या, याच नाटकाच्या किंवा पुढच्या नाटकाच्या कोणत्याही साध्या रात्रीसाठी, मुदत दोन महिन्यांची. पुढच्या वर्षीची तारीख ठरवायला बसाल तेव्हा राखीव रात्रीचा हाउसफुल्लचा आकडा बाजूला ठेवा आणि हे दुसरे कोड किती वापरले गेले ते काढा. बऱ्यापैकी वापरले गेले असतील तर दुसरी तारीख खुशाल राखा. पडून राहिले असतील तर निमंत्रणाच्या यादीत गडबड आहे. तारीख वाढवण्याआधी यादी बदला, आणि ज्या संघटनांचे कोड हललेच नाहीत त्यांच्याकडे एकदा स्वतः जाऊन या.